चार पावलं चाललो, तरी हाड मोडलेलं निघालं

घोटा मुरगळल्यावर काय करावं, या तुमच्या लेखातलं बाकी पटलं, पण 'पायावर भार देऊन चालता येत असेल तर हाड शाबूत आहे असं समजा' हे वाक्य कृपया बदला. मी त्याच भरवशावर चार दिवस घालवले. सिंहगड उतरताना मुरमावरून पाय सटकला, घोटा आत वळला, 'कट्' असा आवाजही आला. तरी लंगडत का होईना, खाली गाडीपर्यंत आलो की! घरी आईने आंबेहळद-रक्तचंदनाचा गरम लेप लावला, शेजारच्या काकांनी 'शीर चढलीय' म्हणत तेल लावून रगडून दिलं. (त्या रात्रीची सूज अजून आठवते.) पाचव्या दिवशी एक्स-रे काढला, तर करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड चिरलेलं. घोटा मुरगळतो तेव्हा नेमकं हेच हाड अनेकदा दगा देतं.

कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली, मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला जे नियम मांडले, त्यात चार पावलं टाकता येणं ही एकच कसोटी नाही. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, खालच्या 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघायची. शिवाय पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं हाडही. यातलं कुठेही बोट ठेवल्यावर कळ आली तर चालता येवो न येवो, एक्स-रे काढायचा. आणि पहिले दोन-तीन दिवस शेक, मालिश नको, हेही लेखात घाला ना.