पेट्रोल वाचवायचे ते सात उपाय, आणि त्यातला जीवावर बेतणारा पाचवा

मे महिना तोंडावर आला की आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर, गावच्या वाडीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर सगळीकडे एकच मेसेज फिरायला लागतो: "गाडीने गावी जाताय? पेट्रोलचे 5000 रुपये वाचवा, हे 7 उपाय पंपवाले कधीच सांगणार नाहीत." यंदा एका दिवसात चार जणांनी मला तो पाठवला आणि त्यातले दोघं शनिवारी रात्री बायकापोरांना घेऊन निघणारेत. नुसतं "फेक आहे" लिहिलं की कोणी ऐकत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. थोडं लांबेल, पण निघायच्या आधी वाचा, निदान पाचवा मुद्दा तरी.

लोक असले मेसेज का पाठवतात ते मला कळतं. मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली 2021 च्या मे महिन्यात, पुढच्या एप्रिलमध्ये तर 120 रुपये 51 पैसे झालं होतं, नंतर केंद्राने एक्साईज कमी केली, राज्याने व्हॅट कमी केला तेव्हा कुठे जरा खाली आलं, पण शंभरच्या खाली काही आलं नाही. वर्षातून एकदा गावी जायचं आणि त्याआधी महिनाभर हिशोब मांडायचा, हे घराघरात चाललंय.

आता त्या 5000 चंच बघा. भांडुप ते कणकवली साधारण साडेचारशे किलोमीटर, जाऊन येऊन 900, गावात इकडेतिकडे फिरणं धरून 1000. साधी पेट्रोल गाडी, पाच माणसं, सामान, एसी, सोळाचं ॲव्हरेज धरा. साडेबासष्ट लिटर लागतं. लिटरला 105 धरला (आजचा भाव तुम्ही घाला) तर साडेसहा हजार होतात. त्यातले 5000 वाचवायचे म्हणजे उरलेल्या दीड हजारात, चौदा लिटरमध्ये, हजार किलोमीटर जायचं. म्हणजे लिटरला सत्तर! हे बाईकचं ॲव्हरेज आहे हो. इथेच मेसेज खोटा ठरतो, तरी मुद्दे घेऊया.

पहिला मुद्दा, "पहाटे पेट्रोल भरा, थंड असतं म्हणून जास्त मिळतं." पेट्रोल गरम झालं की फुगतं हे खरंय, एका अंशाला साधारण हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, वर दुपारचं ऊन कितीही तापलं तरी खालच्या पेट्रोलचं तापमान पहाटे आणि दुपारी फारसं बदलत नाही. समजा दोन अंशांचा फरक पडला असं धरलं तरी 40 लिटरमागे 80 मिली होतं, म्हणजे आठ-साडेआठ रुपये. त्यासाठी पोरांना पहाटे चारला उठवून पंपावर नेऊ नका. आणि नवीन भाव सकाळी सहाला लागू होतात, जून 2017 पासून हीच पद्धत आहे, त्यामुळे पहाटे भाव स्वस्त असतो हेही चूक.

दुसरा, "500, 1000 असा राउंड आकडा सांगू नका, 510 किंवा 1015 सांगा, राउंड आकड्यांना मशीन सेट केलेलं असतं." आतलं मीटर लिटर मोजतं आणि भावाने गुणून रुपये दाखवतं. ज्याला मापात मारायचंय तो मीटरमध्येच गडबड करणार, मग तुम्ही 1000 सांगा की 1015, लिटरमागे तेवढंच जाणार. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. मशीनवर शून्य आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यासाठी गाडीतून खाली उतरा. आणि संशय आला तर पाच लिटरचं माप मागा. वजनमाप खात्याचा शिक्का मारलेलं ते माप पंपावर असायलाच लागतं, कुठलंही गिऱ्हाईक ते मागू शकतं आणि पाच लिटरमागे 25 मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. मी एकदा मागितलं होतं, पोऱ्या आधी बघतच राहिला, मग मॅनेजर आला आणि काढून दिलं, माप बरोबर निघालं. मागायला लाजायचं काय त्यात.

तिसरा, "उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो, अर्धीच ठेवा, वजन कमी राहून ॲव्हरेजही वाढतं." ही अफवा दर उन्हाळ्यात येते. इंडियन ऑइलने स्वतः खुलासा केलाय की गाडी बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळ्यातही सुरक्षित आहे. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, तेवढी मुंबईत काय नागपुरातही उन्हाने गाडी तापत नाही. धोका आहे तो ठिणगीचा आणि गळतीचा. मात्र नोझल पहिल्यांदा "टक" करून बंद झालं की बास म्हणा, राउंड फिगर करायला वरून आणखी ओतू देऊ नका, वाफेसाठी ठेवलेल्या जागेत ते पेट्रोल जातं आणि ती वाफ धरून ठेवणारा डबा, कॅनिस्टर, खराब होतो. राहिलं वजन. अर्धी टाकी म्हणजे वीस लिटर, साधारण पंधरा किलो. डिकीतल्या तांदळाच्या गोणीपेक्षा कमी. आणि अर्ध्या टाकीवर निघून रात्री दोन वाजता पंप शोधत फिरणं काय असतं ते कोकणात जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

चौथा, "एसी बंद, काचा उघड्या." हा अर्धा खरा आहे. एलबीएस रोडवर वीसच्या स्पीडने रांगतोय तेव्हा काचा उघड्या ठेवल्या तर थोडं वाचतं. पण एक्सप्रेसवेवर ऐंशी-नव्वदला काचा उघडल्या की आत हवा भरून गाडी मागे खेचली जाते, एसीचं वाचलेलं थोडंफार तिथे जातं. वर मे महिन्यात मागे आजी बसलेली, मांडीवर लहान पोर, त्यांना त्या झळा कशाला खायला लावायच्या?

आता पाचवा. "घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, जमल्यास इंजिन बंद करा, फुकटात खाली याल."

हे वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडचे बरेच चाकरमानी मुंबई-गोवा हायवेला कंटाळून पुणे-कोल्हापूरवरून जातात आणि राधानगरीकडून फोंडा घाटाने खाली उतरतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन गाड्या असेच चाललो होतो. पुढची गाडी माझ्या चुलतभावाची, तो माझ्यापेक्षा मोठा, वीस वर्षं गाडी चालवलेला. निम्मा घाट उतरल्यावर मला काच बंद असतानाही जळका वास यायला लागला, टायर जाळल्यासारखा, आधी वाटलं आपलीच गाडी आहे. मग दिसलं की दादाच्या पुढच्या डाव्या चाकातून धूर निघतोय. हॉर्न वाजवून वाजवून सांगितलं, तोपर्यंत त्यालाही कळलं होतं, ब्रेक दाबला की पाय जमिनीपर्यंत जात होता. हँडब्रेक ओढत, कसाबसा दुसरा गिअर टाकत त्याने गाडी डोंगराच्या बाजूला गटारात घातली. वहिनी उतरल्या आणि मटकन खालीच बसल्या. मी चाकामागे दगड लावायला वाकलो तर रिमची धग तोंडावर येत होती. तासभर बसलो आम्ही तिथे चाकं निवेपर्यंत, पाणी मुद्दाम मारलं नाही, तापलेली डिस्क वाकडी होते म्हणून. दादा एवढंच म्हणाला, "वरून न्यूट्रल केली होती रे, पेट्रोल वाचवायला."

आणि पेट्रोल वाचत नाहीच, हे तर अजून वाईट. आताच्या गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलाय, उतारामुळे चाकंच इंजिनला फिरवतायत, अशा वेळी गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलची फवारणी बंद करतो. खर्च शून्य. तेच न्यूट्रल केलं की इंजिन चाकांपासून सुटतं, मग चालू राहायला त्याला स्वतःचं पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा गिअरमध्ये उतरणाऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल जाळतो, आणि वर गाडीचं सगळं वजन ब्रेकवर टाकतो. ही सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे, पद्मिनी टॅक्सी चालवणारे आमचे काका न्यूट्रल करायचे, तेव्हा चार थेंब वाचतही असतील. पण त्या पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतून गेल्या, सवय मात्र राहिली.

इंजिन बंद करणं तर विचारूच नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा दाबल्यावर संपतो, मग दोन्ही पायांनी दाबलात तरी ब्रेक दगडासारखा. पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चुकून चावी काढली तर स्टिअरिंग लॉक. घाटात. वळणावर. हे कोणी तरी बसून टाइप केलं आणि हजारो लोकांनी "माहितीसाठी" म्हणून पुढे ढकललं, खरंच राग येतो मला. पुण्याच्या नवले पुलाजवळ कात्रज बोगद्याकडून उतरणाऱ्या ट्रकचे किती अपघात झाले, आणि किती वेळा न्यूट्रलचंच कारण पुढे आलं, ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

सहावा, "प्रीमियम पेट्रोल टाका, इथेनॉल नसतं, ॲव्हरेज वीस टक्के वाढतं." प्रीमियमच्या नावाने सांगतात तो ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागणं) होऊ न देण्याची क्षमता. ज्या गाडीला लागत नाही तिला त्याने फरक पडत नाही, आणि प्रीमियम म्हणून विकलं जाणारं प्रत्येक पेट्रोल बिनइथेनॉलचं असतं असंही नाही. शंभर ऑक्टेनवाल्यात नसतं, पण ते लिटरला दीडशेच्या वर. इथेनॉलची तक्रार मात्र खोटी नाहीये. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी असते, आणि नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलंय की जुन्या बनावटीच्या चारचाकीत ई-20 ने, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. आमच्या हजार किलोमीटरच्या हिशोबात ते चारेकशे रुपये होतात. ते गेले, मान्य. पण ते वाचवायला लिटरमागे पन्नास रुपये जास्त मोजायचे का?

सातवा, "गोव्यात स्वस्त आहे, तिथे जाऊन टाकी भरा." स्वस्त आहे हे खरं, व्हॅट प्रत्येक राज्याचा वेगळा, पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे लिटरला आठेक रुपयांचा फरक पडतो. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाने खुशाल भरावं, गोव्याला फिरायला चाललाच असाल तरी भरा. पण कणकवलीहून मुद्दाम पत्रादेवीला जाऊन यायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर, सहा-सात लिटर, साडेसहाशे रुपये जाळायचे आणि 40 लिटरवर सव्वातीनशे वाचवायचे.

मग वाचतं कशाने? मी ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवलीय, फुल टू फुल भरायचं आणि किलोमीटर लिहायचे, सहा वर्षं झाली. सगळ्यात मोठा फरक स्पीडचा. ऐंशीवरून शंभरला गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, एक्सप्रेसवेवर ऐंशी-पंच्याऐंशीला धरून चाललो त्या खेपेला माझ्या वहीत अठराचं ॲव्हरेज आहे, घाई केली त्या खेपेला सोळा. सोळा आणि अठरामध्ये हजार किलोमीटरला सातशे रुपयांचा फरक पडतो, आणि पुण्यापर्यंत वेळ गेला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं जास्त. दुसरं, टायरची हवा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, निघायच्या सकाळी टायर थंड असताना तेवढी भरा. नायट्रोजनच हवा असं नाही, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. टपावर कॅरिअर लावून ताडपत्री फडफडवत जाऊ नका, हायवेवर दहा टक्क्यांपर्यंत सहज खातो तो, सामान एसटीच्या पार्सलने पाठवता आलं तर बघा. आणि निघायची वेळ. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून दोन तास उभे राहिलात की दीड-दोन लिटर जागेवर जळतं, ते पहाटेच्या थंड पेट्रोलने भरून निघत नाही.

टोलचं तर मेसेजमध्ये नावच नाही. एक्सप्रेसवेला कारचे 2023 मध्ये 320 रुपये झाले एका बाजूचे, पुढे कोल्हापूरपर्यंत खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी. या चार नाक्यांना फास्टॅगचा वार्षिक पास चालतो, 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3000 रुपयांत 200 फेऱ्या, म्हणजे नाक्यामागे पंधरा रुपये पडतात. वर्षात चार-पाचदा गावी जाणाऱ्याने हिशोब करून बघावा. एक्सप्रेसवे आणि अटल सेतूला मात्र तो चालत नाही, तिथे पैसे कापले जाणारच. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना सरकार टोलमाफी देतं, मे महिन्यात तशी काही नसते.

शनिवारी निघणाऱ्या त्या दोघांना मी काल फोन केला. एकाने लगेच ऐकलं. दुसरा म्हणाला, अरे ग्रुपवर इतके लोक लिहितात ते काय वेडे आहेत का? त्याला मी दादाचा नंबर दिला आणि म्हटलं, फोंडा घाटात काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐक. रात्री अकराला त्याचा मेसेज आला, "बोललो त्यांच्याशी. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं ना?" हो रे बाबा, त्याच गिअरमध्ये.