खाशाबांच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑलिंपिक पदक मिळवणारे पैलवान खाशाबा जाधव यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "गरिबीचे पोवाडे पुरे. संकटं माणूस घडवतात हे ज्यांच्यावर संकटं येत नाहीत त्यांनी बोलायचं. सरकारने पैसे दिले नाहीत, त्या नाकर्तेपणावर तुम्ही 'चारित्र्या'चं पांघरूण घालताय." प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग स्वतःचाच लेख पुन्हा वाचला आणि 'गरिबीनेच खाशाबा घडवला' या माझ्या वाक्याशी अडलो. ते वाक्य चुकीचं आहे.

हेलसिंकीच्या ऑलिंपिकला 1952 मध्ये खाशाबांबरोबर कोल्हापूरचेच मल्ल केशव माणगावे होते. तीच तांबडी माती, तसलीच पैशांची ओढाताण, तेवढीच मेहनत. माणगावे पदकाच्या उंबरठ्यावरून रिकाम्या हाताने परतले, आणि आज किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे? संकटंच पदक देत असती तर ते त्यांनाही मिळालं असतं. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

मग खाशाबा कशाने घडले? माझ्या मते, 1948 च्या लंडन ऑलिंपिकने. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून ते तिथे पोचले, आणि पहिल्यांदाच मॅटवर लढून फ्लायवेटमध्ये सहावे आले. मातीतून मॅटवर जाणं म्हणजे काय हे मी जवळून पाहिलंय. माझा पुतण्या आमच्याकडच्या तालमीत हौद्यात वाढला. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती माती; पाय जरा रुततो, त्या रुतण्यावरच सगळा जोर उभा राहतो. पहिल्यांदा मॅटवर उतरला तेव्हा पोरगं पकडीत जायच्या आधीच दोनदा स्वतःच तोल जाऊन पडलं. शिवाय घड्याळ आणि गुण. मातीत पाठ लागेपर्यंत झुंजायची सवय, इथे पंच हात वर करून मोकळे होतात. खाशाबांनी हे सगळं तिशीच्या आत, परमुलखात, अमेरिकेचे माजी लाइटवेट विजेते रीस गार्डनर यांच्याकडून शिकून घेतलं. ढाक हा डाव मारण्यात आधीच तरबेज असलेला मल्ल पुन्हा पहिलीत बसायला तयार झाला. मी चारित्र्य म्हणतो ते याला. उपाशी राहण्याला नाही.

सरकारबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. हेलसिंकीसाठी खाशाबांच्या गावच्या, गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर 7000 रुपयांना गहाण टाकलं. असं करायची पाळी एका प्राचार्यावर यावी, ही लाजेचीच गोष्ट आहे. तिथे जपानच्या इशीशी झुंज संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. नियमाने मिळायची ती विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. बँटमवेटचं कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं. मधली 44 वर्षं तुमच्या बाजूने साक्ष देतात. आणि अर्जुन पुरस्कार? तोही मरणोत्तर. 1984 मध्ये अपघातात गेलेल्या माणसाला तो काय कामाचा!

पण एका बाबतीत मी मागे हटणार नाही. चारित्र्याची गोष्ट सांगितली की व्यवस्थेचं पाप झाकलं जातं, असं तुम्ही धरून चालता. खाशाबांच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. कराडहून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, सगळ्यांना ती आठवते. त्यानंतर ते काय करतात? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवतात आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवतात. पदक देशाचं, कर्ज मात्र एका मास्तराचं, आणि ते फेडणारा स्वतः पैलवान. यात सरकारची अब्रू झाकली जात नाही, उघडी पडते. म्हणून ही गोष्ट मी लिहितो आणि लिहीत राहीन.

शेवटी तुम्ही विचारलंत, तुमच्या नववीतल्या मुलाने यातून काय घ्यायचं. त्याला बैलगाड्यांच्या आधी लंडनचं सांगा, सहाव्या नंबरचं.

'गरिबीनेच' हे वाक्य लेखातून आज काढलं. माणगावेंवरचा परिच्छेद रविवारपर्यंत जोडतो.