तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन सातनंतर फुकट? रामबागेतल्या काकूंना विचारा

आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज फिरतो: ‘वयाच्या सात वर्षांनंतर तिरळेपणाचं ऑपरेशन फुकट. मेंदूची दारं बंद झालेली असतात. डोळा नुसता दिसायला सरळ होतो, खोलीचा अंदाज कधीच येत नाही. वर डबल दिसायला लागतं ते वेगळंच.’ माझा डोळा २९व्या वर्षी सरळ झालाय, म्हणून बोलतो.

सातचा आकडा अगदीच हवेतला नाही. ह्यूबेल आणि वीझल (१९८१चं नोबेल) यांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं, की लहानपणी दोन्ही डोळे जोडीने चालले नाहीत तर मेंदूत त्यांची सांगड बसत नाही. म्हणून तान्हेपणीच आलेला तिरळेपणा दोनेक वर्षांच्या आत सरळ करायची डॉक्टर घाई करतात. पण मेसेजने सगळ्या तिरळ्यांना एकाच रांगेत उभं केलं! रामबागेतल्या काकू पन्नाशीनंतर स्कूटीवरून पडल्या, नस दुखावली, डोळा आत वळला. जन्मभर भरतकाम केलेली बाई. सांगड कधीचीच बसलेली होती. सहा महिने वाट पाहिली, नस सावरेना, मग ऑपरेशन. टाके विरघळायच्या आतच काकू पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या. मधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्याचंही तसंच: सरळ असतो तेव्हा त्याचा सराव चालूच असतो.

‘नुसता दिसायला.’ आत वळलेला डोळा सरळ झाला की बाजूचंही जास्त दिसतं. आणि शाळेत ‘ए भेंगे’ ऐकलेल्याने दिसण्यासाठी केलं, तर बिघडलं कुठे?

‘खोलीचा अंदाज कधीच नाही.’ तो ऑपरेशनआधीही होता. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत दहीवड्याचा दोना हवेत उडतो तेव्हा एका डोळ्यानेही कळतं तो कुठे आहे. सावली, आकार, हालचाल, कोण कुणाआड जातंय यावरून. दोन डोळ्यांची खरी गरज लागते ती हाताच्या अंतरावर, कपात चहा ओतताना. ते तपासायला काळा चष्मा घालून माशीचा मोठा फोटो दाखवतात आणि पंख चिमटीत धरायला सांगतात; दोन्ही डोळे जोडीने चालले तर ते कागदाच्या वर उठलेले दिसतात. ऑपरेशनआधी माझी बोटं सरळ कागदावर टेकली. तिसऱ्या महिन्यात ती कागदाच्या वरच, हवेत मिटली. मी दचकलो, तपासणाऱ्या ताई हसल्या. त्याच पुस्तकातली बारीक वर्तुळं मात्र मला अजून सपाटच दिसतात, आणि तान्हेपणापासून तिरळ्या असलेल्याला कुणी ‘सगळं थ्रीडी होईल’ सांगत असेल तर तेही खोटंच.

डबल दिसण्याबद्दल मेसेज निम्मा खरा आहे. मला अकरा दिवस एका जिलबीच्या दोन दिसल्या. बहुतेकांचं ते थांबतं, काहींचं राहतं; म्हणून मोठ्या माणसाला आधी डोळ्यापुढे प्रिझम (प्रकाश वळवणारी तिरकी काच) धरून बघतात, डोळा सरळ झाल्यावर काय दिसेल ते. ती तपासणी झाली नसेल तर मागून घ्या.