मुंबई हायच्या खाली तेलाचं तळं नाहीये, चुनखडक आहे

"मुंबई हायच्या खाली तेलाचं भलंमोठं तळं आहे, डायनासोर कुजून झालेलं, ते इतकी वर्षं उपसल्यामुळे खाली पोकळी झालीय, ती बसली की मुंबई खचणार, आणि अजून निम्म्यावर तेल शिल्लक असून ते मुद्दाम काढत नाहीत." मुंबई हाय या समुद्रातल्या तेलाच्या फील्डबद्दलचा हा मेसेज परत फिरायला लागलाय, आणि शिकलेली माणसंसुद्धा पुढे ढकलतायत म्हणून नीट एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिलं तळ्याचं. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट रिगला तिथे तेल लागलं, मुंबईपासून साधारण १६० किमी पश्चिमेला, आणि ते लागलं खडकात, कुठल्या गुहेत नाही. समुद्राच्या पाण्याची खोली तिथे ७५ मीटरच्या आसपास, आणि मुख्य साठा ज्या थरात आहे तो एल-थ्री नावाचा चुनखडक त्याच्याही खूप खाली, सुमारे १३०० मीटरवर. हा मायोसीन काळातला, म्हणजे ढोबळमानाने २ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो भाग आजूबाजूच्या तळापेक्षा उंच होता, वर उथळ, उबदार पाणी होतं, नद्यांचा गाळ फारसा पोचत नव्हता, त्यामुळे फोरॅमिनिफेरासारखे सूक्ष्म जीव, शेवाळं, शिंपले यांचे चुन्याचे अवशेष आणि चुन्याचा चिखल थरावर थर साचत गेला. मधूनच समुद्राची पातळी खाली जायची, हा सगळा चुना उघडा पडायचा आणि पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी मुरून शिंपल्यांचे तुकडे विरघळून जायचे. तुकडा गेला की त्याच्या आकाराचं भोक मागे राहतं. असं पुन्हा पुन्हा झाल्यामुळे हा खडक अनारशासारखा जाळीदार झाला, आणि तेल आहे ते या भोकांमध्ये. नंतर वर मातीचे जाड थर बसले, त्यांचा शेल (दाबून घट्ट झालेला चिखलाचा खडक) झाला, आणि तेच झाकण.

यावर कोणीतरी लगेच विचारतं की चुनखडी म्हणजे आपली शहाबादी फरशी ना, त्यात कुठून आलं तेल? प्रश्न चांगलाय. शहाबादीपण चुनखडीच, भीमा खोऱ्यातली, पण ती कितीतरी पट जुनी, अगदी बारीक चुन्याच्या चिखलाची, दाबली जाऊन आणि मधल्या फटीत कॅल्साइट हे चुन्याचं खनिज भरून गच्च झालेली. खडकाचं नाव एकच असलं तरी त्याच्यावर पुढे काय काय घडलं त्यावर पोरॉसिटी, म्हणजे त्यातल्या मोकळ्या जागेचं प्रमाण, ठरते. साधा हिशोब करा, २० टक्के पोरॉसिटी असलेल्या १ घनमीटर खडकात २०० लिटर मोकळी जागा असते, त्यातली ३० टक्के जागा पाण्याने अडवली असं धरलं तर तेल उरतं १४० लिटर, एक बॅरलसुद्धा नाही, कारण बॅरल १५९ लिटरचं.

डायनासोरचं तर तारखांवरच निकाली निघतं. तेल जिथे तयार झालं तो पन्ना फॉर्मेशन नावाच्या खोल थराचा शेल आणि कोळसा पॅलिओसीन ते इओसीनच्या सुरुवातीचा, म्हणजे दख्खनच्या बसाल्टच्या वर साचलेला, डायनासोर संपल्यानंतरचा. त्यातला सेंद्रिय माल झाडंझुडपं आणि सूक्ष्म जीवांचा. तो मुंबई हायच्या बाजूच्या खोलगट भागांत गाडला जाऊन तापला, तेल झालं आणि वर सरकत या उंचवट्यात येऊन अडकलं.

आता पोकळी आणि खचण्याची भीती. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण तेल काढल्यावर समुद्राचा तळ बसल्याचं खरं उदाहरण आहे, नॉर्वेचं एकोफिस्क हे तेलाचं फील्ड. तिथला खडक चॉक, म्हणजे एक प्रकारची चुनखडी, फार सच्छिद्र आणि मऊ, आतला दाब कमी झाल्यावर तो दबला आणि १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म ६ मीटर उचलावे लागले. पण तिथेसुद्धा बसला तो फक्त त्या फील्डच्या वरचा बशीसारखा भाग, १६० किमी लांबचं शहर नाही! शिवाय वरच्या थरांचं वजन खडकाचा सांगाडा तोलतो, तेल निघालं की भोकांमध्ये पाणी आणि गॅस शिरतो, आणि मुंबई हायला तर दाब टिकवायला १९८०च्या दशकापासून मुद्दाम पाणी आत सोडतात. रिकामी पोकळी उरतच नाही.

राहिलं ते "मुद्दाम काढत नाहीत". तेल खाली शिल्लक आहे हे खरं, आणि मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची येते, कारण ते तेल काढण्यामागे तिथल्या लोकांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. एल-थ्री हा एक सलग खडक नाही, चुनखडीचे बरेच थर आणि मध्ये शेलचे पातळ पडदे. एका थरात मोठी, एकमेकांना जोडलेली भोकं, शेजारच्यात इतकी बारीक की तेल हलतच नाही. पाणी सोडलं की ते सोप्या वाटेने सुसाट पळतं आणि विहिरीत तेलाऐवजी पाणीच यायला लागतं, घट्ट थरातलं तेल बाजूला तसंच राहतं, वरून गॅस कॅपमधला (तेलाच्या वर साचलेला) गॅस खाली ओढला जातो तो वेगळाच. जगभरातल्या चुनखडकांमधून सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच तेल हाती लागतं. म्हणूनच १९८०च्या दशकात दिवसाला ४ लाख बॅरलच्या वर देणारं फील्ड आज खूप खाली आलंय, आणि म्हणूनच २००० नंतर तिथे रिडेव्हलपमेंटवर एवढा खर्च झाला, त्या राहून गेलेल्या थरांमध्ये आडव्या विहिरी घातल्या गेल्या, आणि २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतीसाठी घेतलं.