चहाची जबाबदारी मावशीकडे

आज उपासनेनंतर चर्चच्या महिला मंडळाची मीटिंग होती. घरी आले, डाळ टाकली आणि ती करपून वास येईपर्यंत गॅस बंद करायचं सुचलं नाही, इतकं डोकं तापलंय. म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

महिला रविवार जवळ आलाय. त्या दिवशी सगळी उपासना बायकांनी चालवायची असते. शास्त्रवाचन कोण करणार, मध्यस्थीची प्रार्थना कोण, दानार्पण कोण गोळा करणार, संदेश कोण देणार, हे सगळं आज ठरवायचं होतं. यंदाचा विषय आहे शोमरोनी स्त्री. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, चौथा अध्याय. विहीर, घागर, पाच नवरे. संडे स्कूलपासून पाठ आहे आपल्याला. वाटणी चालू असताना एक नवीन सून, तिला बिचारीला कुणाचं काही माहीत नाही, हात वर करून म्हणाली, "साक्ष द्यायला मावशींना सांगूया ना. त्या किती मनापासून प्रार्थना करतात." साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांपुढे सांगणं.

पुढचा अर्धा मिनिट फक्त पंख्याचा आवाज.

मग एक ताई हळू आवाजात, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा बेताने म्हणाल्या, "तिचा इतिहास माहितीये ना सगळ्यांना? तरुण मुली काय शिकतील?" त्यावर दुसऱ्या काकूंनी लगेच तोडगा काढला. "त्यांना चहाचं बघू दे. चहा फक्कड करतात त्या." वहीत लिहूनही झालं. चहा-बिस्किटं : मावशी. चला पुढे.

मावशी तेव्हा बाहेर ओट्यावर सतरंज्या झटकत होती.

इतिहास म्हणजे काय, तर मावशी नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या माणसाबरोबर राहिली. लग्न न करता, सात-आठ वर्षं. त्याची बायको-मुलं होती. तो वारल्यावर ती परत आली आणि चर्चच्या मागच्या बाकावर बसायला लागली. पश्चात्ताप केला, प्रभुभोजनात पुन्हा घेतली गेली. याला वीसेक वर्षं होत आली. देवाने कधीच वही मिटली. आपल्या मंडळाची वही उघडीच.

आता माझं सांगते. 2011 चा जून. सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आले. मंडळीतली माणसं भेटायला आली, चांगलीच आहेत ती, मी काही म्हणत नाही. पण प्रत्येकाने तेच सांगितलं. देवाची इच्छा. पुढच्या वर्षी होईल. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. बाळ नाही आणि दूध आलं! छाती दगडासारखी झालेली, ताप चढलेला, ब्लाऊज भिजलेला, आणि आई नसलेल्या घरात मी कुणाला सांगणार? सासऱ्यांना?

संध्याकाळी मावशी आली. देवाच्या इच्छेबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघितलं, दार लोटलं, जुनी सुती साडी फाडली आणि थंड पाण्यात पिळून तिच्या घड्या छातीवर ठेवत बसली. गरम झाली की दुसरी. ती गरम झाली की तिसरी. रात्री दीडपर्यंत. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता, तो मला अजून आठवतो.

या बाईने पुलपिटवर उभं राहायचं नाही. आणि संदेश कुणावर? पाच नवरे झालेल्या बाईवर!

जरा तो अध्याय उघडून वाचा तरी. येशू तिला पाच नवरे होऊन गेल्याचं आणि आताचाही नवरा नसल्याचं सांगतो, पण "पापी" म्हणत नाही. ते पाच मेले की त्यांनी हिला टाकलं, योहान काही सांगत नाही. ती भर दुपारी लाजेपोटी पाण्याला आली, हेही आपल्या संदेश देणाऱ्यांनी घातलेलं. शास्त्रात फक्त वेळ दिलीय. आणि त्याच बाईशी तो आराधनेबद्दल बोलतो. मी मसीहा आहे हे तिला सांगतो. ती घागर तिथेच टाकून गावात पळते आणि तिच्या शब्दावर लोक बाहेर येतात. त्या गावात महिला मंडळ नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तिला आधी चहा ठेवायला सांगितला असता.

येशूमागे चालणारी मग्दालेची मरीया तर सोडूनच द्या. सात भुतं निघाली एवढंच लूकने लिहिलंय. वेश्या कुठे लिहिलंय? सहाव्या शतकात पोप ग्रेगरींनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या पापी बाईला एकच करून टाकलं, आणि चौदाशे वर्षं ती ते ओझं वाहतेय. जिने उठलेल्या प्रभूला पहिल्यांदा पाहिलं ती! आणि प्रभूचा शिष्य पेत्र? कोंबडा आरवायच्या आत तीनदा प्रभूची ओळख नाकारली. दावीद राजाने तर दुसऱ्याची बायको घेतली, वर तिच्या नवऱ्याला मारवलं. त्याची स्तोत्रं आपण दर रविवारी म्हणतो. त्या बाईचं मात्र मत्तयाने येशूच्या वंशावळीत नावसुद्धा घेतलं नाही, "उरीयाची बायको" एवढंच. तरी ती वंशावळीत आहे. सासऱ्यापासून मुलं झालेली तामार आहे, वेश्या राहाब आहे. प्रभूच्या घराण्यात या बायका चालतात, आपल्या स्टेजवर चालत नाहीत.

आपल्याच मंडळीत एक भाऊ दरवर्षी साक्ष देतात. दारू प्यायचो, बायकोला मारायचो, प्रभूने सोडवलं. सगळे आमेन म्हणतात, मीही म्हणते. खरंच बदललेत ते. पण पुरुषाचं मागचं आयुष्य सांगितलं की ती साक्ष, बाईचं निघालं की तो इतिहास, हे कुठलं शास्त्र?

हो, मान्य. पाप ते पाप. व्यभिचारात धरलेल्या बाईला मारायला आलेल्यांना दगड खाली टाकायला लावल्यावर तिला "पुन्हा पाप करू नको" हेही येशूनेच सांगितलं. आणि मावशीच्या पायी त्या दुसऱ्या बाईचा संसार मोडला, तिला काय वाटत असेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मावशीकडेही नाही. ती अजून त्या बाईसाठी नाव घेऊन प्रार्थना करते.

गेल्या वर्षी मिनीबस करून केडगावला पंडिता रमाबाईंनी काढलेलं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो आठवतंय ना? रमाबाईंच्या फोटोसमोर सेल्फी काढले आपण. त्या बाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना "पतित" म्हटलेल्या बायकांचं काम दाखवलं. एकेकाळी त्याच आश्रयगृहात राहिलेल्या काही जणी बदलून आता आजारी, दुबळ्या माणसांची सेवा करत होत्या, त्यांना रमाबाई भेटल्या. याला कारण काय, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना वाचून दाखवली ती गोष्ट कुठली, माहितीये? हीच. शोमरोनी स्त्रीची. पुढे केडगावात अशा बायकांसाठी त्यांनी कृपा सदन काढलं. रमाबाई आज आपल्या मीटिंगला असत्या तर!

पण रमाबाईंचं कशाला, मी होते ना. आणि मी काय केलं? खाली मान घालून पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. वर संदेश माझ्याकडे आला तेव्हा "प्रयत्न करीन" म्हणाले. खरं सांगायचं तर डाळ त्या ताईंच्या रागाने करपली नाही.

त्या रात्रीचं अजून एक सांगायचं राहिलं. मी मावशीला विचारलं होतं, तुम्हाला हे कसं माहीत, तुम्हाला तर मूल नाही. कपडा पिळता पिळता ती म्हणाली, "होतं. त्या घरात असताना. आठव्यात गेलं. कुणाला सांगायची सोय नव्हती, भेटायलाही कुणी आलं नाही. दूध माझं मीच बांधलं." मग तिने घडी उलटी करून पुन्हा ठेवली.

त्या रात्री देवाने माझ्याकडे पाळकसाहेबांना नाही पाठवलं, सेक्रेटरींना नाही पाठवलं. जिला ते दुखणं त्याच बदनाम घरात कळलं होतं, तिला पाठवलं. तिच्या इतिहासातून तेवढं पान फाडा म्हणाल, तर मग माझ्याकडे कोण आलं असतं?

हे लिहायच्या आधी तिला फोन केला. लिहू का? म्हणाली, "लिही, नाव टाकू नको." मी विचारलं, महिला रविवारी बोलशील? ती बराच वेळ गप्प. मग, "बोलेन की. कुणी विचारलंच नाही आजवर." आणि लगेच, "साखर किती लागेल ते विचारून ठेव गं, मागच्या वेळी कमी पडली होती."

सेक्रेटरींना मेसेज टाकलाय, माझा संदेश मावशी देतील, चहाचं मी बघते. दोन्ही टिक निळ्या झाल्यात. उत्तर अजून नाही.