चेहरा हलत नव्हता, तरी भाव पोहोचत होता
‘जुन्या कन्सोलवरची पात्रं निर्जीव वाटायची, कारण त्यांचे चेहरे हलत नसत,’ हे व्हिडिओ गेम्सवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. १९९८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’ या गेममध्ये पात्रांना धड डोळेही नाहीत, ओठ हलायचा तर प्रश्नच नाही. तो ज्यावर चालायचा, त्या मूळ प्लेस्टेशन कन्सोलची मुख्य मेमरी होती फक्त २ एमबी, बारकाव्यांना जागा कुठून असणार! मग बोलताना पात्रं मान हलवायची, त्यांचे खांदे पडायचे, कॅमेरा नेमक्या क्षणी जवळ यायचा. बाकीचं काम आवाज करायचा. शेवटाकडच्या प्रसंगांत माझे डोळे भरून आले होते, आणि ते त्या कोऱ्या चेहऱ्यांकडे बघूनच.

‘विंड वेकर’चा उल्लेखही लेखात हवा होता. २००२ सालचा हा गेम, पण त्यातल्या लिंक या नायकाचे डोळे आजही जिवंत वाटतात. जवळपास काही महत्त्वाचं असलं की त्याची नजर आपोआप तिकडे वळते. मी कितीतरी कोडी केवळ तो कुठे बघतोय हे पाहून सोडवली. उलट, नंतरच्या अनेक गेम्समध्ये त्वचेवरची छिद्रंसुद्धा दिसतात, पण डोळे काचेचे. खटकतं ते हे अर्धवट वास्तव.