सोसायटीने दंड लावला म्हणजे तो भरायलाच पाहिजे असं नाही

मेंटेनन्सच्या बिलात सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, पाणी, पार्किंग आणि सगळ्यात खाली गुपचूप एक ओळ, "दंड". कशाचा, कोणी ठरवला, कधी ठरवला, काही पत्ता नाही. आणि बहुतेक लोक निमूटपणे भरून मोकळे होतात, कारण चेअरमन दोन मजले खाली राहतो, रोज लिफ्टमध्ये समोरासमोर यायचं, कशाला उगाच वाकडं घ्या. मला याच गोष्टीची चीड येते. घर आपलं, कर्जाचे हप्ते आपण फेडले, आणि पाच जणांची कमिटी मनाला येईल तो आकडा टाकते आणि आपण गप्प?

आमच्या बाजूच्या विंगमधल्या काकूंचं सांगते. एकट्या राहतात, पेन्शनवर चालतं. दारासमोर पॅसेजमध्ये चपलांचं स्टँड आणि तुळशीची कुंडी होती. आता पॅसेज मोकळा पाहिजे हे मलाही मान्य आहे, उद्या आग लागली तर लोकांनी धावायचं कुठून. पण कमिटीने केलं काय तर व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं २४ तासांत हलवा नाहीतर रोज ५०० रुपये. काकू त्या ग्रुपवर नाहीतच! कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी आठवड्याभरात सगळं आत घेतलं, तरी पुढच्या तिमाही बिलात १८ हजार आले. ते बिल हातात धरून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "अगं, एफडी मोडू का?"

नाही मोडायची. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४ चे आदर्श उपविधी (बायलॉज, म्हणजे सोसायटी चालवायचे लेखी नियम) आहेत, बऱ्याच सोसायट्यांनी तेच स्वीकारलेत. त्यात दंडाची पद्धत लिहिलेली आहे. कुठल्या उल्लंघनाला किती दंड हे कमिटी नाही ठरवत, सर्वसाधारण सभा ठरवते. आधी सभासदाच्या लक्षात आणून द्यायचं, तरी ऐकलं नाही तर कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मग दंड. आणि तोही एका आर्थिक वर्षात सगळा मिळून जास्तीत जास्त ५ हजार. रोज ५०० चं मीटर लावायची सोय त्यात कुठेच नाही. (तुमची सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असेल तर नियम वेगळे, तिथे घोषणापत्र आणि त्यांचे स्वतःचे उपविधी बघा.)

आम्ही एक साधं पत्र लिहिलं. सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत द्या, नोटिशीची प्रत द्या, सुनावणी कधी झाली ते कळवा, दंड मला मान्य नाही. बास. सेक्रेटरी पोच द्यायला तयार नाही, म्हणून रजिस्टर्ड एडीने पाठवलं. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मेंटेनन्स थांबवला नाही! दंड वगळून बाकी पूर्ण रकमेचा चेक दिला, सोबत लिहून दिलं की हा अमुक तिमाहीचा मेंटेनन्स आहे, यातून दंड वळता करू नये. रागारागात लोक अख्खं बिलच अडवतात आणि तिथेच फसतात, कारण मग तुम्ही खरोखरचे थकबाकीदार होता, उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागतं, वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करायचा सरकारी आदेश) सोसायटी सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाते, कमिटीच्या निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. आयतं कोलीत कशाला द्यायचं.

ठराव नव्हताच, देणार कुठून. पुढच्या बिलात १८ हजार वजा होऊन आले, एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही, माफी तर लांबच.

सगळीकडे इतक्या सहज मिटत नाही हे मला माहितीये. पत्र स्वीकारत नाहीत, चेक घेत नाहीत, कागदपत्रांच्या प्रती देत नाहीत, तर तक्रार उपनिबंधकाकडे. जादा रक्कम वसूल करतायत किंवा कमिटीच्या, सभेच्या ठरावालाच तुमचा विरोध आहे, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. लोक चुकीच्या दारात जातात, तिथे महिनोन्महिने चकरा मारतात आणि मग म्हणतात काही होत नाही. आणि दंड भरला नाही म्हणून पाणी तोडणं, लिफ्ट वापरू न देणं, असली शिक्षा उपविधींत कुठेही नाही, असं कुणी केलं तर गप्प बसूच नका.

दंड हा शब्द न वापरता घेतलेला दंड वेगळाच. फ्लॅट भाड्याने दिला की बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) दुप्पट तिप्पट लावतात. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण राहत असतील तर अजिबात नाही. तरी बॅचलर भाडेकरू ठेवला म्हणून वेगळे पैसे उकळणाऱ्या सोसायट्या आहेतच.

कमिटीवाले फुकट काम करतात, शिव्या खातात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तोंड बघून दंड, एकाला लावायचा आणि खजिनदाराच्या साडूला सोडायचं, हे खपवून घेऊ नका.

एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. दंडाचे दर अजेंड्यावर घ्या असं पत्र आत्ताच द्या, पोच घ्या, आणि आधी पैसे भरून उपविधींची छापील प्रत स्वतःच्या घरात आणून ठेवा.